नऊ नंबरचा बनियन

२०२४ सालचा मार्च, उन्हाळा नुकताच लागलेला. बंगळूरला पाण्याची बोंब होती आणि आमच्या बास्केटबॉल संघाची त्याहून मोठी. त्या उन्हाळ्यात मी जे करून बसलो ते घरात अजून कुणाला ठाऊक नाही. तुम्ही चहा पाजलात म्हणून सांगतो.

मी शाळेत फार गेलो नाही. निपाणीहून पोरवयात इथं आलो, कारखान्यात लेथवर लागलो. संध्याकाळी भोंगा झाला की कारखान्याच्या मैदानावर बास्केटबॉल. दिवसभर लोखंड कापणारी माणसं, पण हातात चेंडू आला की बघत राहावं. मी खेळलो नाही. पायरीवर बसून ओरडायचो. तेही कुणीतरी करावंच लागतं.

तेव्हा नंबरचा बनियन सोपा नव्हता. खेळाडूनं घालायचा, सामना संपला की स्टोअरला परत. एकाच्या सख्ख्या भावानं तो घालून फोटो काढला, तर मैदानावर बरेच दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही.

आताचा शहराचा संघ पगारी. दिवे आहेत, नाच आहे. चेंडू तेवढा जाळीत जात नाही. त्यात तो नऊ नंबर. फ्री थ्रोला समोर कुणी आडवं येत नाही, उभं राहून टाकायचं. तेही याला जमेना. त्या शनिवारी शेवटचे दोन चुकवले आणि आम्ही हरलो. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनशंकरीत आमच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, इडली खात होतो. बघतो तर शेजारी नऊ नंबर! ताडासारखा उंच, तोच बनियन, मजेत वडा खातोय. तोंड मी कधी बघितलं नव्हतं. वरच्या पायरीवरून मला नंबरच दिसतो.

"वडा जातो घशाखाली?" मी विचारलं. मराठीतच. रागात मला दुसरी भाषा येत नाही.

तो दचकला. "आजोबा, तुम्ही मराठी?"

"ते राहू दे. काल काय केलंस?"

"काल ना, मॅच..."

"मॅच खड्ड्यात घातलीस. गुडघे वाकत नाहीत तुझे."

"ऐकून तर घ्या ना, मी तर..."

"उद्या सकाळी सहाला आमच्या कारखान्याच्या मैदानावर ये. उलट बोलू नको."

आणि आला की हो. रोज येऊ लागला. मी ओरडायचो, तो टाकायचा. चेंडू जाळीच्या आसपास जाईना. याला पगार कोण देतं, असं वाटायचं. मधेच म्हणायचा, "आजोबा, एक सांगू का?"

"आधी लागोपाठ दहा टाक. मग सांग."

दहा कधी पडलेच नाहीत.

शिवप्पा म्हणजे कारखान्यातला माझा जोडीदार. त्याला मी सांगून ठेवलं, नऊ नंबर आता माझ्या हाताखाली आहे. त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. शेवटचा घरचा सामना जिंकला तरच संघ पुढं जाणार होता. पेन्शनवाली अख्खी टोळी माझा चेला बघायला आली.

शेवटचं मिनिट. एका गुणानं मागे. नऊ नंबरला दोन फ्री थ्रो. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "गुडघे वाकव!"

मागून आवाज आला, "आजोबा, मी इथं आहे."

वळून बघतो तर नऊ नंबर. हातात शेंगदाण्याची पुडी.

"तू इथं काय करतोस? खाली जा."

"तेच तर सांगून राहिलो होतो. मी पराग, नागपूरचा. इथंच एचएसआर भागात एका कंपनीत आहे. हा बनियन विकत मिळतो, कुणालाही."

शिवप्पानं आजूबाजूला बघितलं. आमच्याच ओळीत आणखी तीन नऊ नंबर बसले होते.

"अण्णा," तो म्हणाला, "ह्यातले किती तुझ्या हाताखाली?"

खाली खऱ्या नऊ नंबरनं दोन्ही चुकवले. संघ गेला. त्याचं दुःख करायलाही मला सवड नव्हती.

बाहेर आल्यावर परागला विचारलं, "मग रोज येत का होतास?"

"ऑफिसात सगळे इंग्रजीत रागावतात, आजोबा. इथं आल्यापासून मराठीत कुणी रागावलंच नव्हतं. बरं वाटून राहिलं होतं."

पोराला फुकट बोललो होतो. कुणाचं काही ठेवून घेणं मला जमत नाही.

"उद्या ये," म्हणालो. "टाकणार मी. रागावणार तू. मी बोललो तेवढं सगळं."

सकाळी धोतर खोचून रेषेवर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. चेंडू जाळीच्या निम्म्या उंचीवर जाऊन खाली आला. परागला रागावता येईना. शेवटी त्यानं घसा खाकरला आणि त्याच्या साहेबाचा आवाज काढला, पण मराठीतून.

"मेहनत दिसते तुमची. रिझल्ट दिसत नाही."

"आणखी," मी म्हणालो.

"इतकी वर्षं पायरीवर बसून नेमकं काय शिकलात?"

"आणखी."

"सोमवारपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर तुमच्या जागी दुसरा माणूस बघावा लागेल."

मी मान खाली घालून ऐकत राहिलो, टाकत राहिलो. ऊन वर आलं तेव्हा तो थांबला.

"झालं, आजोबा. फिटलं."