विझलेला दिवा

आमच्या घरी नवरात्रात घट बसतात आणि नऊ दिवस घटापाशी दिवा अखंड तेवत ठेवावा लागतो. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. मापात बसेल तेवढंच मी मानायचं, देवाधर्माचं बाकी सगळं आईनं, अशी आमची वाटणी होती.

सहा वर्षांपूर्वी ऐन नवरात्रात वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात निघताना आई म्हणाली, "दिव्यापासून हलू नको. तुझ्या हवाली केला." दुपारी उकडायला लागलं म्हणून मी पंखा लावला आणि मोबाइल बघत बसलो. वर पाहिलं तर दिवा विझलेला. काडी ओढली, वात पुढं सरकवली, झालं पहिल्यासारखं.

वडील सुखरूप घरी आले. आई येईल त्याला सांगायची, "माझ्या पोरानं दिवा राखला." मी मनातल्या मनात खूश. दिवा विझूनही माणूस वाचला, आणखी कसला पुरावा हवा? तेव्हापासून दरवर्षी दिवा माझ्याकडंच.

यंदा नवरात्राच्या तोंडावर आईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन लांबवू नका, डॉक्टरांनी बजावलं. ती ऐकेना. "तुझे वडील कशानं वाचले? तू दिवा राख, मला कायबी व्हत नाय." दोनदा कळ येऊन ती भिंतीला धरून बसली, तरी हेच. ती माझ्या खोटेपणाच्या भरवशावर जीव धोक्यात घालत होती. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. शेवटी सांगून टाकलं. पंखा, मोबाइल, काडी, सगळं.

वाटलं, रडेल, देवीची माफी मागेल. ती वाती वळत होती, वळतच राहिली. मग म्हणाली, "दिवा इझतो रे. इझला तर हात जोडून पुन्हा लावायचा. देवीला कळतं ते. पण सहा वर्षं मी तुझं नाव घेऊन लोकायला सांगत फिरले."

कंपनीत न तपासता एक नग पुढं जाऊ देत नाही मी. आईनं मला कधी तपासलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मुकाट दवाखान्यात भरती झाली. ऑपरेशन नीट झालं. दिव्यावाचून काही अडत नाही, हे माझंच म्हणणं खरं ठरलं, पण त्याचा आनंद काही झाला नाही.

घट बसले तेव्हा तिचे टाकेही निघाले नव्हते. खुर्चीत बसूनच तिनं दिवा लावला. मी सवयीनं पाट घेऊन जवळ गेलो.

"तू नको," ती म्हणाली, आणि माझ्या बायकोला हाक मारली.