भुताच्या सिनेमानंतर

आमच्या शिंप्याला सगळे कॅसेटराव म्हणायचे. लोकांनी अडगळीत टाकलेल्या व्हिडिओ कॅसेट तो गोळा करायचा, त्यांवर स्वतःचे भुताचे सिनेमे चढवायचा, कव्हरंही स्वतःच रंगवायचा. त्याच्यासारखेच चारदोन वेडे दुकानात जमून ते बघायचे.

नव्या सिनेमाला त्याने कौतुकाने आपल्या वहिनीलाही बोलावलं. सिनेमा संपला. टाळ्यांच्या नादात व्हीसीआर बंद करायचं राहिलं, आणि पडद्यावर अचानक वहिनीचे वारलेले वडील आले. हसून म्हणाले, "बस, एवढंच सांगायचं होतं तुला, पोरी." पुढे नुसत्या मुंग्या.

कॅसेटरावच्या आता लक्षात आलं. बुरशी काढायला वहिनीने विश्वासाने दिलेली कॅसेट ती हीच! पुसली जाऊ नये म्हणून तिची प्लॅस्टिकची खुंटी मुद्दाम मोडलेली होती. या शहाण्याने तिथे चिकटपट्टी मारून वर आपला सिनेमा चढवला आणि आत काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

वहिनीला वाटलं, साफ करून त्याने मुद्दामच लावली. डोळे पुसत ती पुढे सरकली.

"भावजी, जरा मागे घ्या ना. बाबा आधी काय म्हणाले?"

रिमोट त्याच्या हातातच होता. आधी होतं ते फक्त त्याचं भूत.