दुसरी थैली

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त झालेत, पण भेटेल त्याला जिन्यात अडवून शिकवतात. सदऱ्याच्या दोन खिशांत कॅरमच्या सोंगट्यांच्या दोन थैल्या कायम असतात.

"बघ रे, हिच्यात पाच पांढऱ्या, पाच काळ्या. हिच्यातही दहाच, पण कुठल्या किती ते मलाही माहीत नाही, बायकोने भरल्यात. न बघता पांढरी काढलीस तर चहा माझ्याकडून. कुठल्या थैलीत हात घालतोस?"

सगळे पहिली थैली धरतात. मीही धरली होती.

"बरं, आता काळी काढायची. आता?"

पुन्हा पहिलीच.

मग काका कठड्यावर थाप मारून ओरडतात, "म्हणजे दुसरीत पांढऱ्याही कमी आणि काळ्याही कमी? मग दहा आहेत तरी कसल्या रे? याला म्हणतात संदिग्धता! धोक्यात निदान आकडा कळतो. इथे आकडाच कळत नाही, आणि माणूस त्यालाच जास्त घाबरतो!"

गेल्या महिन्यात त्यांच्या डाव्या डोळ्यासाठी आम्ही परळला गेलो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने निम्म्या लोकांना दिसू लागतं. नवं इंजेक्शनही आलंय, पण त्याचा गुण किती जणांना येतो ते अजून सांगता येत नाही.

"ऑपरेशन," काका ताबडतोब म्हणाले.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, पहिलीच थैली?"

ते थबकले आणि नर्सने दटावेपर्यंत हसत सुटले. "सापडलो रे! जन्मभर शिकवून मीसुद्धा सापडलो!"

टाळीसाठी पुढे केलेला त्यांचा हात गार पडला होता. टाळी झाल्यावरही त्यांनी माझा हात सोडला नाही.