मी मंडळी सोडली नव्हती

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्याविषयी जी हकिकत सांगितली जाते ती मी अनेक तोंडांतून ऐकली आहे, आणि दर वेळी ती वेगळी व दर वेळी खोटी निघाली आहे. एक म्हणतो, मला मंडळीच्या कारभाऱ्यांत जागा हवी होती, ती मिळाली नाही म्हणून मी रुसलो. दुसरा म्हणतो, मी पाळकांवर, म्हणजे आमच्या धर्मगुरूंवर, ओरडलो आणि चपला घालून चालता झालो. तिसऱ्याच्या मते मी पुन्हा हिंदू झालो. माझे वय झाले असले तरी स्मरण शाबूत आहे, आणि हे सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. तेव्हा जे घडले ते मीच सांगतो.

ते सत्तरच्या दशकाचे अखेरचे दिवस. रोहण्याजवळच्या एका संत्र्याच्या रोपवाटिकेत मी कलमे बांधीत असे. आमचे घराणे भाजीपाला पिकवणारे, देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे देव असलेले. मी आणि शेजारच्या वाफ्यात काम करणारा माझा मित्र, आम्ही दोघांनी एकाच सकाळी त्याच वाटिकेच्या हौदात बाप्तिस्मा घेतला होता. आमच्या लहानशा मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, आदल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्रार्थनेच्या जोडीदारापुढे मन मोकळे करायचे. तिथे बोललेले तिसऱ्या कानी जाता कामा नये. माझा जोडीदार तोच होता.

जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, कोवळ्या रोपाची साल चिरून तीत संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी आवळायची, हे काम माझे हात मनाला न विचारता करीत. त्या हिवाळ्यात एका दुपारी पट्टी आवळताना मी नेहमीप्रमाणे मनात प्रार्थना म्हणत होतो, आणि मध्येच ध्यानात आले की हाक मारावी असे पलीकडे कोणी उरलेले नाही. देव दूर नव्हता. जवळ होता असेही म्हणवत नाही, कारण जवळ असायलाही मध्ये जागा लागते. याहून अधिक मी लिहिणार नाही. पट्टी सैल पडली आणि ते रोप मला पुन्हा बांधावे लागले, एवढे मात्र आठवते.

त्या शनिवारी वाटिकेतल्या चिंचेखाली मी हे मित्राला सांगितले.

"मले आता त्याले हाक माराले अवघड जाते. तो माह्याबाहेर राह्यलाच नाई. मी त्याच्यात, तो माह्यात."

तो काडीने माती उकरू लागला. "मले काऊन नाई होत बापा असं? उपास तं मी तुह्यापेक्षा जास्त केले."

"लेका, उपासानं होत असतं तं सारं गाव एकादशीले सरगात गेलं असतं."

तो हसला. निदान मला तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी उपासनेआधी पाळकांनी मला मागच्या खोलीत बोलावले. ते बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, शुद्ध बोलणारे गृहस्थ. "तुम्ही स्वतःला देव म्हणवू लागला आहात, असे कळले," ते म्हणाले. "हा वेदांत आहे. तुमच्या घरच्या भजनांतून आलेला. तो इथे चालणार नाही."

कोणाकडून कळले, हे मी विचारले नाही. ते ऐकणारा एकच माणूस होता.

मी म्हणालो, "साहेब, डोळा जंबेरीच्या रसावर जगते, पण जंबेरी होत नाई. संत्राच राह्यते. अन् तोडला तं सांजेपर्यंत वाळते. मी देव नाई झालो. त्याच्याबिगर मी जगत नाई, येवढंच म्हणलं."

"ते शब्द मागे घ्या. तोवर प्रभुभोजनाचे ताट तुमच्यापुढे येणार नाही."

मी मागे घेतले नाहीत. विश्वासणारा ख्रिस्तात आणि ख्रिस्त त्याच्यात, हे मी त्यांच्याच शास्त्रातून, त्यांच्याच प्रवचनांतून शिकलो होतो. व्यासपीठावरून उच्चारले की सत्य, आणि माझ्यासारख्याला घडले की पाखंड, हा न्याय मला तेव्हा मान्य नव्हता, आजही नाही.

भाकरीचे ताट फिरवण्याचे काम त्या दिवशी माझ्या मित्राकडे होते. तो आमच्या बाकापाशी आला, भिंतीकडे पाहत ताट माझ्यापुढून उचलले आणि माझ्या बायकोपुढे धरले. तिने तुकडा घेतला, अर्धा मोडला आणि मूठ माझ्या गुडघ्यावर ठेवली.

"घ्या नं. कोणी पाह्यत नाई."

"चोरून नाई घेत."

मग तिने तो खाल्ला. मी तिला कधी बोल लावला नाही. पण तिचे चावणे मला ऐकू आले होते.

मी ओरडलो नाही. आशीर्वाद होईपर्यंत बसून राहिलो. पुढे कितीतरी महिने त्याच बाकावर बसलो, आणि ताट दर वेळी माझ्यावरून गेले. शेवटी प्रभुभोजनाच्या रविवारी जाणे तेवढे मी थांबवले. इतर रविवारी जात राहिलो. मित्र दरम्यान मंडळीचा कारभारी झाला. पुतण्याच्या लग्नात थोरल्या भावाने मांडवात सर्वांदेखत टोमणा मारला, "देवाच्या जवायाले देवाच्याच घरी ताट नाई! ये, आमच्या पंगतीत बस." बसलो आणि पोटभर जेवलो. भावाकडे जेवल्याने माणूस धर्म बदलत असेल, तर तो मुळात धर्मच नव्हता.

ऐंशीच्या दशकात मित्राने अंथरूण धरले आणि मला निरोप पाठवला. त्याच्या दफनविधीत पाळकांनी सांगितले की आम्ही गळ्यात गळा घालून रडलो आणि मी त्याला क्षमा केली. पाळक तिथे नव्हते. मी होतो.

मी बायकोला घेऊन गेलो तेव्हा तो बाजेवर पडला होता. म्हणाला, "मी तुह्या भल्यासाठी सांगतलं होतं."

"माह्या भल्याचं होतं तं मले सांगाचं होतं."

 मग छताकडे पाहत म्हणाला, "एकाच हौदातून निंघालो होतो आपण. तुले झालं, मले नाई झालं. तेच सहन नाई झालं गड्या." थोड्या वेळाने त्याने माझे मनगट धरले. "अजून हाये का तो तसाच? तुह्यात?"

तो चौकशी करत नव्हता. तो जगातून निघाला होता, आणि तिथे खरोखर कोणी आहे की नाही हे त्याला जाणाऱ्याच्या घाईने जाणून घ्यायचे होते. उत्तर माझ्याकडे होते.

"तुले काऊन सांगू?" मी म्हणालो.

त्याने मनगट सोडले. "बरोबर हाये तुहं," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मी त्याला पाणी पाजले आणि उठलो.

परतीच्या वाटेवर बायकोने विचारले, "मले तं सांगा. हाये का तो?"

मी तिलाही सांगितले नाही.