दुधात टाकलेलं आयोडीन

अकरावीच्या बायॉलॉजीतला जैवरेणूंचा धडा मला अजिबात पचला नव्हता. कार्बोहायड्रेट्स, प्रोटीन्स, लिपिड्स, न्यूक्लिक ॲसिड्स ही नावं तोंडपाठ होती. पण त्यापुढचं कुणी विचारलं की माझी बोबडी वळायची. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी, गावाहून एसटीने शहरात, सावेडीतल्या ज्युनियर कॉलेजात यायची आणि मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं इंग्रजी मुकाट्याने उतरवून घ्यायची.

बायॉलॉजीच्या मॅडम भिंगारहून स्कूटरवर यायच्या. बोलायला फटकळ, आणि घाई तर जन्माची. परीक्षेआधी उजळणी घ्यायची त्यांची तऱ्हाच निराळी होती. “पुस्तकं मिटा, डबे उघडा,” म्हणायच्या. प्रत्येकाने घरून खाण्याचं काहीतरी आणायचं आणि त्यात कोणता रेणू सापडतो ते प्रयोग करून पाहायचं. भाकरीच्या तुकड्यावर आयोडीन पडलं, तुकडा काळानिळा झाला, म्हणजे स्टार्च. शेंगदाणा कागदावर रगडला, तेलकट डाग राहिला, म्हणजे लिपिड. इतके दिवस डोक्यावरून गेलेलं त्या तासाला आपसूक डोक्यात शिरत होतं. मी खुशीत होते.

मी दूध नेलं होतं. आमच्या घरी गाई, माझे वडील, अण्णा, दोन्ही वेळचं दूध डेअरीला घालायचे, तेव्हा दुसरं काय नेणार? दुधातलं प्रोटीन दाखवून भाव खायचा माझा बेत होता. पण मॅडमनी त्याआधी त्यात आयोडीन टाकलं, आणि दूध निळं झालं.

“भेसळ आहे ही,” मॅडम बोलून गेल्या.

वर्ग खो खो हसला. पुढच्या बाकावरून जी मुलगी वळून माझ्याकडे पाहत होती ती आमच्याच गावची, आणि गावातली डेअरी तिच्या वडिलांची. दूध घट्ट दिसावं म्हणून त्यात पीठ कालवणारे लोक असतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांचं नाव त्यांच्यात गेलं तर डेअरीतून दूध परत येणार होतंच. पण चारचौघांत ते पुन्हा तोंड वर करून बसले नसते. एवढं सगळं माझ्यामुळे, एका प्रॅक्टिकलपायी!

तास संपल्यावर मी जिन्याखाली रडत उभी होते. मॅडम शोधत तिथे आल्या. माझी समजूत बिमजूत काही काढली नाही. फक्त विचारलं, “तुमच्याकडे सकाळी धार कधी काढतात?”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांची स्कूटर आमच्या गोठ्यापुढे उभी! घरी मी एक शब्द बोलले नव्हते. अण्णांना वाटलं, पोरगी नापास झाली.

“काय केलं का हिनं, बाई?”

“नाही हो. मला अभ्यासासाठी थोडं दूध हवंय.”

“घ्या की! लई हाय.”

अण्णांनी धार काढली. मॅडमनी तिथेच परीक्षानळीत दूध घेऊन आयोडीन टाकलं. दूध पिवळसर झालं, निळ्याचा मागमूस नाही. मग त्यांनी माझी कालची बाटली मागितली. ती पाहून आई कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं बया! खळीची बाटली न्हेलीस व्हय?”

अण्णांच्या टोप्यांना आणि धोतरांना आई साबुदाण्याची खळ करायची. उरलेली ती या बाटलीत ओतून ठेवायची. मी घाईत नुसतं पाणी फिरवून त्यात दूध भरलं होतं. मॅडमनी बाटलीच्या तळाशी आयोडीनचा थेंब सोडला आणि तळ निळा झाला.

“हा तुझा स्टार्च,” मॅडम म्हणाल्या. “ग्लुकोजचे मणी ओवलेली लांबच लांब माळ. वडिलांची टोपी हीच ताठ ठेवते.”

अण्णा हसले, आणि त्यांनी मॅडमना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

प्रकरण इथेच मिटलं असं मला वाटलं. पण त्या दिवशी वर्गात मॅडमनी मला पुढे बोलावलं, सकाळचं दूध सगळ्यांदेखत पुन्हा तपासून दाखवलं, खळीची गोष्ट सांगितली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काल मी पुरतं न तपासता भेसळ म्हणाले. चूक माझी. मी तुझी माफी मागते.” वर्गात कुणी हसलं नाही. मला तर हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

संध्याकाळी अण्णा डेअरीवरून परतले ते कोड्यात पडल्यासारखे. “आज डेअरीवाले लई गोड बोलत हुते, तुझ्या बाईंचं नाव काढत हुते. काय झालं गं?”

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, “बाई सगळ्यांम्होरं म्हनल्या? चूक माझी, असं?”

“हो.”

पुढे मी बायॉलॉजीतच राहिले ते त्या बाईंमुळे, आणि त्यांचे उपकार मी कशानेही फेडू शकणार नाही. पण त्यांनी काय दिलं ते मला अण्णांमुळे कळलं. माझं ‘हो’ ऐकून त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “मला हितवर लई लोकांनी लई काय काय म्हनलं, पोरी. पन चुकलं म्हनून परत कुनी आलं न्हाई.”