चिंधूने अंगावर घेतलेला एक्सल

चिंधू म्हात्रेचं धामणकर नाक्याजवळ लेथचं दुकान. कापड विणायच्या लूमचे शाफ्ट करण्यात त्याची तीस वर्षं गेली. त्यातली बावीस मी त्याच्या मशीनवर होतो. नव्या कारागिराचा प्रत्येक नग तो स्वतः माप लावून मोजायचा. जुन्याचा कधी मोजला नाही. जुन्याचा मोजणं म्हणजे त्याचा अपमान, असं तो मानायचा.

साठीला आल्यावर त्याला मोटारसायकलींचा नाद लागला. वडप्याचा भावेश पाटील मातीच्या ट्रॅकवर रेस खेळायचा. मागच्या चाकाचा एक्सल सारखा वाकतो, म्हणून त्याने नवा करायला दिला. चिंधूने स्टील स्वतः निवडलं. कागदावर आकृती काढली. जाड भाग जिथे बारीक होतो त्या कोपऱ्यापाशी लिहिलं, ‘इथे गोलाई ठेव.’

मी ठेवली नाही. लूमच्या शाफ्टला आम्ही तो कोपरा धारदार काढतो. हात सवयीने तिकडेच गेला. लक्षात आलं तेव्हा कोपरा कापून झाला होता. स्टीलचा नवा बार लावून पुन्हा करायला अर्धा दिवस लागला असता. तो मी घालवला नाही.

तिसऱ्या उडीला एक्सल तुटला. भावेशचं खांद्याचं हाड मोडलं.

हात गळ्यात बांधून तो दुकानात आला. दोन्ही तुकडे टेबलावर टाकले.

“शेठ, भंगारातलं लोखंड लावलंत ना?”

“तोंड सांभाळ. स्टील मी आणलंय,” चिंधू म्हणाला. “चेन किती ताणली होतीस? एकतारी वाजवायची होती काय?”

“चेन बरोबर होती. रेसवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो आता. तुमच्या दुकानाचा नटपण कोण लावणार न्हाय.”

चिंधूने तुकडा उजेडात धरला. भेग त्या धारदार कोपऱ्यातूनच सुरू झाली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

“मालात खोट होती,” तो भावेशला म्हणाला. “चूक माझी.”

नंतर एकही रेसवाला आला नाही. चिंधूने भिंतीवर लावलेल्या मोटारसायकलींच्या आकृत्या काढून ठेवल्या. मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त माझे नग मोजू लागला. महिन्याभरात मी काम सोडलं.

त्यानंतरही दोन महिने गेले. मग वडप्याला जाऊन भावेशला खरं सांगितलं.

“शेठ तुमच्यासमोर ऐकून घेत होते आणि तुम्ही चहा पीत होतात, काका?”

“होय.”

त्याने तिथूनच चिंधूला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं.

“मला ठाऊक हाय,” चिंधू म्हणाला. “हाड जुळलं काय तुझं?”

“जुळलं. काका इथंच हायत. देऊ?”

पलीकडे चिंधूने मशीन बंद केलं.

“नको. त्याला म्हणावं, कोपरा कापलास तेव्हाच सांगितलं असतंस तर नवा बार मीच लावला असता.”