तांदळाच्या डब्यातली लेन्स

त्या गुन्ह्याची आठवण अजून जात नाही, आणि ती जावी म्हणून मी कमी प्रयत्न केलेले नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांची चोरीला गेलेली पिशवी मात्र मनातून हलत नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. चोराचं लिहायचं नाही, तर माझं तरी कशाला?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो. मे महिना संपत आलेला. दुपारी बाराच्या सुमारास सर ठाण्यात आले. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, जाड चष्मा, हातात मोडकी छत्री. शेजारच्या फ्लॅटचं रंगकाम चालू होतं. सर दार नुसतं लोटून खाली भाजी आणायला गेले आणि तेवढ्यात कुणीतरी कॅमेऱ्याची पिशवी उचलली. ठाणे अंमलदारानं माझ्याकडे पाठवलं, मी फिर्याद लिहायला घेतली.

"काय काय होतं पिशवीत?"

"कॅमेरा, एक लेन्स, फ्लॅश. फ्लॅशवर उजेड मऊ पडावा म्हणून दह्याच्या डब्याचं पांढरं प्लास्टिक लावलंय, ते लिहा. कॅमेरा पुढेमागे सरकवायची एक पट्टी. आणि अॅल्युमिनियमच्या तीन नळ्या."

"नळ्या कशाला लिहायच्या, सर?"

"त्याच महत्त्वाच्या आहेत," सर म्हणाले, आणि वर्गात शिकवावं तसं मला समजावून सांगायला लागले. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये नळी बसवली की लेन्स पुढे सरकते आणि खसखशीएवढी वस्तू लिंबाएवढी दिसते. विकतच्या नळ्या परवडल्या नाहीत म्हणून त्यांनी उचगावातल्या एका टर्नरकडून लेथवर करून घेतल्या होत्या. लेन्स तेवढी एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून आणून दिलेली. एवढं सगळं कशासाठी, तर फुलपाखरांच्या अंड्यांचे फोटो काढायला.

मला हसू आलं. ते त्यांनी पाहिलं असावं, कारण पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला होता. डावा अजून वर्षभर चालेल असं डॉक्टर म्हणत होते. दहा-बारा वर्षांच्या कामातल्या सात जातींची अंडी तेवढी राहिली होती, आणि ती सापडतात पावसाळ्यात. "म्हणजे माझ्याकडे हा एकच पावसाळा आहे, साहेब."

मी नळ्या लिहिल्या. गुन्हा दाखल झाला.

रंगकामाचा ठेकेदार म्हणाला, माणसं रोजची बदलतात, नावं कुणाला माहीत. आम्ही दोन जुने चोर उचलून आणले आणि दोन दिवस बसवून घेतले. हाती काही लागलं नाही. आमच्या खात्याची ही जुनी खोड. चोरी झाली की ओळखीचा चोर शोधायचा, मग त्यानं ती केलेली असो वा नसो.

आठेक दिवसांनी तो उचगावचा टर्नर स्वतःच ठाण्यात आला. ग्रीसनं काळे झालेले हात, आणि हातात फडक्याची पुरचुंडी. माझ्या टेबलावर त्यानं ती सोडली. आत तीन नळ्या.

"ह्या माझ्या हायत," तो म्हणाला. "म्या केलेल्या. आतल्या अंगाला पंचच्या खिळ्यानं दोन टिंबं मारत असतो मी प्रत्येक कामावर. बगा की."

टिंबं होती.

"तुझ्याकडं कशा आल्या?"

"भंगारवाल्याकडनं अॅल्युमिनियम घेत असतो वितळवायला. काल पोतं वतलं तर माझंच काम माझ्याच पायावर पडलं! सर परवाच आलतं नव्या करून मागायला. चोरी झाली म्हणून सांगत हुतं. तेंच्या डोळ्यात पानी हुतं ओ साहेब."

कोल्हापुरात लेथवाला माणूस आपलं काम विसरत नाही. पोटच्या पोराला एक वेळ गर्दीत ओळखणार नाही, पण आपण धातूवर घेतलेला कट ओळखतो. आमच्या दोन दिवसांच्या तपासानं जे झालं नाही ते त्या दोन टिंबांनी केलं. भंगारवाल्यानं तासाभरात माणूस दाखवला. उचगावातलाच रंगारी, तिशी ओलांडलेला, नखांत अजून पांढरा रंग.

ठाण्यात आणल्यावर त्यानं कानांवर हात ठेवले. दोन तास "मला म्हाईत न्हाय" एवढंच. आमचे हवालदार म्हणजे जुनं खोड. ते त्याच्यासमोर चहा ठेवून म्हणाले, "काय पावणं, दुसऱ्याच्या घरात कुठला रंग मारलासा?" चहा तसाच निवला. मारहाण मी टाळत असे. सद्गुण म्हणून नव्हे. मार खाल्लेला माणूस पटकन बोलतो, पण तुम्हाला हवं ते बोलतो, खरं नव्हे. मी एक नळी त्याच्यापुढे उभी ठेवली आणि फायलीत डोकं घातलं. त्यानं ती उचलून बोटांत फिरवली.

"ह्या नळ्यांनीच घात केला," शेवटी तो म्हणाला.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना कॅमेरा विकावा असा त्याचा बेत होता. मंगळवार पेठेतल्या एका स्टुडिओत तो घेऊन गेला. "त्या स्टुडिओवाल्यानं डोळ्याला लावला आन् म्हणला, ह्यात समोरचा मानूसच दिसत न्हाय, नुसता धूर. बिघडलाय कॅमेरा, उचल." नळ्या बसवलेल्या असल्या की जवळचा किडा दिसतो, पण समोर उभा असलेला माणूस दिसत नाही. हे ना स्टुडिओवाल्याला ठाऊक, ना चोराला. नळ्यांमुळेच कॅमेरा बिघडला असं वाटून त्यानं त्या काढल्या आणि भंगारात घातल्या.

बाकीचा माल त्याच्या घरात होता. झडतीला साक्षीदार म्हणून दोन पंच घेऊन आम्ही गेलो. फ्लॅश आणि पट्टी माळ्यावर निघाली. कॅमेरा आणि लेन्स दिसेना. मग त्याच्या बायकोनं, कुणी न विचारता, तांदळाचा पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि त्यात कोपरापर्यंत हात घातला. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा निघाला, मागोमाग लेन्स.

"ह्यात का ठेवलं?"

"काचंचं हाय म्हणलं ह्येनी. पावसात सादळंल म्हणून तांदळात ठिवलं," ती म्हणाली. चोरीचं तिला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

ओळख पटवायला सरांना बोलावलं. त्यांनी लेन्स खिडकीकडे धरून डाव्या डोळ्यानं आरपार पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "तांदळात होती? म्हणून वाचली. स्वच्छ आहे अगदी." मग लगेच म्हणाले, "कधी मिळेल, साहेब?"

"कोर्टात अर्ज करा. कोर्ट आमचं म्हणणं मागवेल, आम्ही हरकत नाही म्हणून देऊ, की मिळेल."

हे मी म्हणालो होतो. माझ्याच तोंडानं.

आधी वरिष्ठांना वर्तमानपत्रासाठी फोटो हवा होता. टेबलावर मुद्देमाल मांडला, मागे आम्ही उभे राहिलो. नळ्या कुणीतरी फुलदाणीसारख्या रचून ठेवल्या होत्या. मग पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून सगळं कापडात शिवलं, लाखेचं सील केलं आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. ती खोली ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू. गळकी कौलं, भिंतींना ओल, गावठी दारूचे कॅन, अपघातातल्या सायकली, आणि वर्षानुवर्षं पडून असलेली रक्ताची कापडं.

जुलैत सर आले. पावसात भिजलेले, सिटी बसनं आलेले. अर्ज केला होता, कोर्टानं आमचं म्हणणं मागवलं होतं. त्यांनी पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "परत द्यायला वेळ लागणार असेल तर निदान हे तरी लेन्सबरोबर ठेवा. दमट हवेत काचेला बुरशी धरते. एकदा धरली की काच खाते."

"सील तोडता येत नाही, सर. मुद्देमालात बाहेरची वस्तू घालता येत नाही."

"घालूया की साहेब," हवालदार हळूच म्हणाले. "पंच बोलवू, परत सील करू. एक तासाचं काम हाय."

मी नाही म्हणालो. कायद्यावर बोट ठेवायला मला नेमकं तेव्हाच सुचलं. सरांनी पुरचुंडी उचलली, नमस्कार केला आणि गेले. त्यानंतर आणखी दोनदा आले. एकदा मी बंदोबस्तात होतो, एकदा ठाण्यात असून जेवायला बसलो होतो आणि थांबायला सांगून विसरलो. आमचं 'म्हणणं' म्हणजे चार ओळींचा कागद. तो माझ्या खणात होता. स्टुडिओवाल्याचा जबाब बाकी आहे, गणपतीचा बंदोबस्त आहे, कारकून रजेवर आहे, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. खरं कारण एकच होतं. फुलपाखरांची अंडी मला तातडीची वाटली नाहीत.

दिवाळीनंतर कोर्टाचा हुकूम झाला. मनात टोचत होतं म्हणून मुद्देमाल मी स्वतः घेऊन गेलो. सरांनी पावतीवर सही केली ती ओळीच्या बरीच खाली गेली. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी होती. "एक अंडं आहे अजून पानावर. उशिराचं आहे," ते म्हणाले. न बघता, बोटांनी चाचपत त्यांनी नळ्या बसवल्या, पट्टी बसवली, त्यावर कॅमेरा. मग वाकून डोळा लावला. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले.

"साहेब, जरा या इकडे," ते म्हणाले. "मला सगळं दुधाळ दिसतंय. ते काचेत आहे की माझ्या डोळ्यात, एवढं मला बघून सांगा."

मी डोळा लावला. पानाचा हिरवा रंग कुठेतरी मागे होता, आणि त्यावर पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं पसरलेलं. अंडं दिसलं नाही. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण काय खोटं बोलायचं तेही कळेना.

"काचेत आहे, सर."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग ठीक आहे," ते म्हणाले आणि चक्क हसले. "मला वाटलं, डोळा गेला."

मला आतून हलवून सोडलं त्या हसण्यानं. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. त्यांनी मला चहा दिला, तोही मी प्यायलो. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांचा डावा डोळाही गेला, हे हवालदारांनी सांगितलं. सात जाती राहिल्या त्या राहिल्याच.

या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते कुठल्या तरी ट्रंकेत असेल. त्यानंतर जिथे बदली झाली तिथे मुद्देमालाच्या खोलीत मी पहिल्या दिवशी जात असे आणि परतीच्या अर्जावरचं म्हणणं त्याच दिवशी देत असे. सोबतचे लोक म्हणत, साहेबांना चोरांपेक्षा मालाचीच काळजी. म्हणोत. माल पकडला की काम संपलं असं मी तोवर समजत होतो. ज्याचं होतं त्याच्या हातात, त्याला उपयोगी असताना पडेपर्यंत चोरी चालूच असते. फक्त चोर बदलतो.

आता मीही चष्मा लावतो. पावसाळ्यात घरात काही सादळलं की ती उचगावची बाई आठवते. शाळेचं तोंड तरी तिनं पाहिलं होतं की नाही कुणास ठाऊक. नवऱ्यानं चोरून आणलेली वस्तू तिनं दोन वेळच्या तांदळात जपून ठेवली होती. काचेचं आहे, सादळेल, एवढं तिला कळत होतं.